'डी' दाबलं, मग मेल नक्की कधी उडाला?

फोनवर चुकून मेल डिलीट झाला तर आपण फारसे घाबरत नाही. ट्रॅशमध्ये जायचं, मेल परत आणायचा, विषय संपला. पण माउसला हात न लावता, टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर फक्त कीबोर्डने मेल वाचणारी मंडळीही आहेत. त्यांच्यातला एक जुना आवडता प्रोग्रॅम म्हणजे 'मट'. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला, आजही वापरात असलेला.

मटमध्ये बटणं नाहीत, प्रत्येक कामाला एक अक्षर. कुठलं अक्षर काय करतं ते बघायचं तर प्रश्नचिन्ह दाबायचं, यादी समोर येते. तिथे 'डी'पुढे इंग्रजीत लिहिलेल्या ओळीचा अर्थ एवढाच : समोरची नोंद डिलीट करा.

गंमत म्हणजे, 'डी' दाबून मेल डिलीट होतच नाही. त्याला फक्त खूण लागते. मन बदललं तर 'यू' दाबा, खूण जाते. मेल खरोखर पुसला जातो तो डॉलरचं चिन्ह दाबून बदल सेव्ह करताना, नाहीतर 'क्यू' दाबून बाहेर पडताना. तेव्हा मट विचारतो, खूण केलेले मेल काढून टाकू का? नुसतं एंटर दाबलं की उत्तर 'हो' धरलं जातं. ट्रॅशचं फोल्डर तुम्ही स्वतः नेमून दिलेलं नसेल, तर मेल गेला. (बॅकअप असेल तर वाचलात.) 'एक्स' दाबून बाहेर पडलात तर मात्र बदल सेव्ह होत नाहीत आणि मेल जागेवर राहतो.

मग हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही का? आहे की! पण सेटिंग्जच्या लांबलचक यादीत, 'डिलीट' नावाच्या सेटिंगखाली. घाबरलेला माणूस तिथे कशाला जाईल? तो प्रश्नचिन्ह दाबून बसलेला असतो. घोळ होतो तो इथेच. लिहिणाऱ्याला प्रोग्रॅम आतून माहीत असतो, म्हणून तो कमांडचं नावच वेगळ्या शब्दांत सांगतो. वापरणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच : यातून काय जाईल, कधी जाईल आणि मागे कसं फिरायचं.

मटमध्ये सेटिंग्जची वर्णनं सोर्स कोडमध्येच कॉमेंट म्हणून लिहिलेली असतात. एक छोटा प्रोग्रॅम ती उचलून मॅन्युअल बनवतो. पद्धत चांगली आहे, कारण कोड बदलणाऱ्याला वर्णन शेजारीच दिसतं. मदतीच्या यादीतल्या ओळीही सोर्समधल्याच एका फाइलमध्ये असतात.

'नोंद डिलीट करा'च्या जागी 'नोंदीवर डिलीटची खूण करा' एवढं केलं तरी निम्मा गैरसमज मिटेल. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. मटचा सोर्स खुला आहे, बदल कुणीही सुचवू शकतं. मूळ इंग्रजी ओळ बदलली की इतर भाषांमधली तिची भाषांतरंही पुन्हा तपासावी लागतात, हे मात्र खरं. म्हणून बदल सुचवताना आपण कुठली की दाबली, काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तीन ओळींत सोबत लिहायचं.