एका अक्षराचा फरक : वनस्पतींचे विषाणू आणि उत्परिवर्तन

शेजारी शेजारी दोन वेल आहेत. दोघांनाही एकाच जातीच्या विषाणूची लागण झालेली आहे. एकाची पानं पिवळी, वेडीवाकडी झालीत, फळावर गाठी आल्यात. असं फळ बाजारात कोणी घेत नाही. दुसरा मात्र हिरवागार! असं कसं होऊ शकतं?

झुकिनी यलो मोझॅक हा काकडी, भोपळा, कलिंगड अशा वेलवर्गीय पिकांवरचा विषाणू. मावा किडीमुळे तो पसरतो. त्याचा आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचा असतो. विषाणू वाढताना या आरएनएच्या प्रती निघतात, पण त्या तपासून दुरुस्त करायची सोय नसते. त्यामुळे अक्षरं चुकतात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात.

इस्रायलमधील शास्त्रज्ञ अमित गाल-ऑन यांनी २००० साली अशाच एका बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषाणूच्या 'एचसी-प्रो' या प्रथिनात १८० व्या जागी आर्जिनिनऐवजी आयसोल्युसिन आलं. बस, एवढाच बदल! विषाणू झुकिनीच्या वेलात वाढत राहिला, पण रोगाची तीव्र लक्षणं दिसेनाशी झाली. म्हणजे रोग किती तीव्र होणार, हे फक्त विषाणूच्या संख्येवर ठरत नाही.

आता कारण बघा. पानाचा आकार नीट घडावा म्हणून वनस्पती स्वतःचे छोटे आरएनए वापरते. विषाणूविरुद्ध लढायलाही तिला असेच छोटे तुकडे लागतात. मूळ एचसी-प्रो हे तुकडे घट्ट पकडून ठेवतं. त्यामुळे वनस्पतीचा बचाव ढिला पडतो आणि पानांची घडणही बिघडते. बदललेल्या प्रथिनाची पकड सैल असते, म्हणून पान नीट वाढतं.

याचा उपयोग काय? सौम्य विषाणू आधीच दिलेल्या वेलाला त्याच विषाणूच्या तीव्र प्रकारापासून संरक्षण मिळतं, जणू लसच! पण सावध राहायला हवं, कारण एका अक्षराने सौम्य झालेला विषाणू उलट बदलाने पुन्हा तीव्र होऊ शकतो.

आपल्याकडे पपईची बाग उद्ध्वस्त करणारा रिंगस्पॉट विषाणूही याच गटातला, आणि त्याच्यातही एचसी-प्रो असतं. लागण झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही. म्हणून निरोगी रोपं लावणं आणि रोगट झाडं लगेच उपटून टाकणं महत्त्वाचं.

विचार करा : विषाणू जिवंत राहूनही झाड निरोगी दिसत असेल, तर नुसतं पान पाहून लागण ओळखता येईल का?