थंडीतून ऊब आणणारे यंत्र

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन नावाचे शहर आहे. ते समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये वसले आहे. समुद्रावरून येणारे ढग त्या डोंगरांना अडतात आणि बारा महिने पाऊस पडतो. वर्षभरात तेथे २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. म्हणजे मुंबईत होतो जवळजवळ तेवढाच. परंतु मुंबईचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो, तर बर्गेनचा वर्षभर रिपरिपत राहतो. हिवाळ्यात तेथील पारा शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळतो. कधी पाऊस, कधी हिम आणि सदैव ओलावा, असे तेथील हिवाळ्याचे रूप असते.

अशा प्रदेशात घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे. घर गार पडले, तर वृद्ध माणसे आणि तान्ही मुले आजारी पडतात. थंडी फार वाढली, तर नळांतील पाणी गोठते आणि नळ फुटतात. पूर्वी तेथील लोक मुख्यतः लाकडे जाळून ऊब मिळवीत. आता नॉर्वेतील पुष्कळ घरांत हे काम एक यंत्र करते. त्याला ‘हीट पंप’ म्हणजे उष्णतेचा पंप म्हणतात. त्याचा एक भाग घरात असतो. दुसरा भाग भिंतीबाहेर, उघड्या हवेत असतो. बाहेरचा भाग म्हणजे एक मोठी पेटी. तिच्यात पंखा असतो आणि पातळ धातूच्या पत्र्यांमधून गेलेली नळ्यांची वेटोळी असतात.

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी घरातील माणूस बाहेर येतो, तो ही पेटी पांढरी शुभ्र झालेली दिसते. पत्र्यांवर बर्फाची पुटे चढलेली असतात. ज्या यंत्राने घराला ऊब द्यावयाची, तेच बर्फात बुडालेले पाहून नवखा माणूस घाबरतो. यंत्र बिघडले असे त्याला वाटते आणि बर्फ फोडण्यासाठी तो हातोडी शोधू लागतो. परंतु हातोडी उचलण्यापूर्वी या यंत्राचे काम कसे चालते, हे जाणून घेणे हिताचे असते.

विहिरीतील पाणी खाली असते. ते आपोआप वर येत नाही. पंप लावून ते वर चढवावे लागते. उष्णतेचेही तसेच आहे. उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे ती आपोआप जाते. उलट दिशेने न्यावयाची, तर यंत्र लागते. आता थंडगार हवेत उष्णता असते तरी का, असा प्रश्न पडेल. ती असते. उणे २७३ अंशांपर्यंत पदार्थ गार होत गेला, म्हणजेच त्यातून आणखी उष्णता काढता येत नाही. त्या मानाने शून्य अंशावरची हवा पुष्कळच उष्ण म्हटली पाहिजे. तिच्यातील उष्णता उपसून घरात आणणे, एवढेच हीट पंपाचे काम. पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञाने १८५२ साली अशा यंत्राची कल्पना मांडली. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात १९३८ साली नगरभवन उबदार करण्यासाठी असा पंप बसविला गेला. तो लिमाट नदीच्या थंड पाण्यातून उष्णता घेत असे.

या यंत्राच्या नळ्यांतून एक विशिष्ट द्रव फिरत असतो. काही यंत्रांत त्यासाठी प्रोपेन वापरतात. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळतो. बाहेरच्या पेटीत हा द्रव कमी दाबाखाली, बाहेरील हवेपेक्षाही थंड ठेवलेला असतो. पंखा नळ्यांवरून हवा ओढतो. हवेतील उष्णता घेऊन द्रव उकळतो आणि त्याचा वायू होतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो. सायकलच्या चाकात हवा भरताना हातपंप गरम होतो, तसा दाबलेला वायूही तापतो. तो तप्त वायू घरातील भागात जातो, तेथे आपली उष्णता खोलीला देतो आणि पुन्हा द्रव बनून बाहेर परततो. सौम्य थंडीत एक भाग वीज खर्च करून घराला सुमारे तीन भाग उष्णता मिळते. उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती वाहून आणणे असे स्वस्त पडते.

बर्फाचे मूळ येथेच आहे. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो. तो घाम म्हणजे हवेतील बाष्प होय. बाहेरच्या पेटीतील नळ्यांवरही असेच बाष्प जमते. परंतु त्या नळ्या शून्य अंशाहूनही थंड असल्यामुळे ते तेथेच गोठते. म्हणजे पांढरा थर हा बिघाड नव्हे. थंड व ओलसर हवेतून उष्णता घेतली की बर्फ हा ठरलेलाच.

यातून एक नवलाची गोष्ट निघते. थंडी जितकी कडक, तितका बर्फ अधिक, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे नसते. शून्य अंशावर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५ ग्रॅम बाष्प राहू शकते. उणे १५ अंशांवर ते प्रमाण सुमारे दीड ग्रॅमपर्यंत उतरते. नॉर्वेच्या अंतर्भागात रोरोस नावाचे डोंगराळ गाव आहे. तेथे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. परंतु तेथील कडक थंडीच्या हवेत गोठण्यासारखे बाष्प थोडेच असते. बर्गेनची थंडी सौम्य, पण हवा ओली. म्हणून पेटीवर बर्फ लवकर चढतो तो बर्गेनमध्ये.

हा थर पातळ असेपर्यंत फारसे बिघडत नाही. तो जाड झाला, म्हणजे पत्र्यांमधील फटी बुजतात आणि हवा आत शिरत नाही. शिवाय पोकळ हिमकणांचा थर गोधडीसारखा असतो. तो उष्णतेला अडवितो. उष्णता कमी मिळाली की नळ्या आणखी थंड होतात, आणि नळ्या थंड झाल्या की बर्फ आणखी साचतो. असे दुष्टचक्र सुरू झाले, तर वीज खर्च होत राहते आणि घर मात्र गार पडते.

यंत्र बनविणाऱ्यांनी यावर उपाय योजलेला असतो. बर्फ साचल्याची जाणीव झाली की यंत्र आपले काम काही वेळ उलटे करते. एक झडप फिरते आणि तप्त वायू घराकडे न जाता बाहेरच्या नळ्यांत शिरतो. घरातील थोडी उष्णता उसनी घेऊन यंत्र स्वतःवरचा बर्फ वितळविते. त्या वेळी बाहेरचा पंखा थांबतो, पेटीखाली पाणी ठिबकते आणि वाफेचे लोट निघतात. अनेकांना तो धूर वाटतो. साधारणतः ५ ते १० मिनिटांत हे काम संपते आणि घरात पुन्हा ऊब येऊ लागते. म्हणून पेटी पांढरी दिसताच घाई करू नये. तास-दोन तास लक्ष ठेवावे. थर वितळून पुन्हा चढत असेल, तर यंत्र निरोगी आहे असे समजावे.

बर्फ वितळतच नसेल, तर मात्र कारण शोधले पाहिजे. पुष्कळदा ते साधेच असते. वाळलेली पाने किंवा पडलेले हिम यांनी हवेची वाट अडलेली असते. छपराच्या पागोळ्या पेटीवर पडून गोठत असतात. किंवा पेटी जमिनीलगत बसविल्यामुळे वितळलेल्या पाण्याला वाट नसते. ते पाणी तळाशी पुन्हा गोठते आणि पंख्याची पाती त्यावर आपटू लागतात. अशा वेळी पेटीभोवतीची जागा मोकळी करावी, हिम हाताने किंवा मऊ ब्रशने झाडावे, पागोळ्यांखाली पन्हळ लावावी आणि पेटी उंच आधारावर बसवून घ्यावी. थंडी लागू नये म्हणून यंत्रावर ताडपत्री घालणे तर अगदीच चूक. त्याने हवाच बंद होते. बर्फ फार जाड झाला असेल, तर घरातील मोठ्या माणसाने विजेचा मुख्य खटका बंद करून कोमट पाणी हळूहळू ओतावे. उकळते पाणी ओतू नये. इतके करूनही बर्फ पुन्हा पुन्हा साचला, तर नळीतील द्रव गळत असेल, झडप अडकली असेल किंवा बर्फाची जाणीव करून देणारा भाग बिघडला असेल. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

हातोडी, सुरी किंवा पहार यांना येथे जागा नाही. पत्रे कागदासारखे पातळ असतात आणि नळ्या नाजूक असतात. एका घावात नळीला छिद्र पडले, तर आतील द्रव निसटून जातो. प्रोपेनसारखा वायू असेल, तर तो पेट घेण्याचाही धोका असतो. जो बर्फ काही मिनिटांत आपोआप वितळला असता, त्याच्यासाठी ऐन थंडीत सारे यंत्र गमावण्याची पाळी येते.

महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज क्वचितच भासते. परंतु या यंत्राची भावंडे येथेही आहेत. शीतकपाट हाही उष्णतेचा पंपच. तो आतील उष्णता उपसून स्वयंपाकघरात टाकतो. साध्या शीतकपाटाच्या बर्फाच्या खणात पांढरा थर चढतो, तो याच कारणाने. तो सुरीने खरवडताना नळीला भोक पडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. खोली गार करणाऱ्या यंत्राची जाळी धुळीने भरली, तर भर उन्हाळ्यातही त्याच्या नळ्यांवर बर्फ जमतो आणि मग खोलीत पाणी गळू लागते. तेथेही बर्फ फोडावयाचा नसतो. यंत्र बंद करून जाळी धुवावयाची असते.

बर्गेनचा जुना रहिवासी सकाळी पांढरी झालेली पेटी पाहतो, तेव्हा तो हातोडी शोधीत नाही. पेटीपुढचे हिम झाडून तो थोडा वेळ थांबतो. वाफेचा लोट उठतो, पाणी ठिबकू लागते, पंखा पुन्हा फिरतो, आणि तो निश्चिंत मनाने घरात जातो.