वाशिंदचा खासदार 'भिवंडी'चा का? आपल्या लोकसभा मतदारसंघाची गोष्ट

वाशिंद स्टेशनवर सकाळच्या कसारा-सीएसएमटी लोकलची वाट बघणाऱ्या दहा जणांना विचारा, तुमचा आमदार कोणत्या मतदारसंघाचा? सगळे सांगतील, शहापूर. मग विचारा, खासदार कुठला? काही जण ठाणे म्हणतील, काही कल्याण म्हणतील. बरोबर उत्तर आहे भिवंडी.

हा गोंधळ होणं साहजिक आहे. आपला बाजार शहापूरला, तहसील शहापूरला, नोकरी कल्याण-ठाण्याला आणि खासदार मात्र भिवंडीचा. मुरबाडकरांचंही तेच. हे कसं झालं आणि आजवर इथून कोण निवडून आलं, ते आज सोप्या भाषेत बघू.

मतदारसंघात कोण कोण आहे?

भिवंडी हा राज्यातला २३ क्रमांकाचा लोकसभा मतदारसंघ. त्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. यातले भिवंडी ग्रामीण आणि शहापूर हे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. म्हणजे शहापूरचा आमदार आदिवासी समाजातलाच असतो. लोकसभेची जागा मात्र खुली आहे, ती कोणीही लढवू शकतो. बऱ्याच जणांची गल्लत इथंच होते.

आता जरा नकाशाकडे बघा. सहापैकी तीन मतदारसंघ सरळसरळ शहरी आहेत. मुरबाड नावाला ग्रामीण, पण त्यात बदलापूर शहर येतं. एका टोकाला भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामं, दुसऱ्या टोकाला माळशेज घाट आणि कसाऱ्याचा डोंगर. आगरी, कुणबी, आदिवासी, मुस्लिम आणि कामधंद्यासाठी आलेले लोक, असे सगळे समाज एकाच यादीत. इतका वेगवेगळा मतदार सांभाळणं कोणत्याही पक्षाला सोपं जात नाही.

जुना काळ: ठाणे, भिवंडी, डहाणू

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन निवडणुकांत, १९५२ आणि १९५७ ला, ठाणे मतदारसंघातून एकदम दोन खासदार निवडून जायचे. त्यातली एक जागा आदिवासींसाठी होती. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं वारं होतं. त्या वेळी वारली आदिवासींच्या लढ्यातले कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर ठाण्यातून निवडून आले. वेठबिगारीविरुद्ध शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी केलेलं काम या पट्ट्यात जुनी माणसं अजून सांगतात.

१९६१ मध्ये कायदा झाला आणि दोन खासदारांचे मतदारसंघ बंद झाले. १९६२ ला भिवंडी या नावाचा मतदारसंघ दिसतो. तिथून जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले. १९६७ ला भिवंडीतून सोनुभाऊ बसवंत निवडून आले. त्याआधी ते ठाण्याचे खासदार होते. शहापूरच्या ज्या कॉलेजात आपली पोरं शिकतात, त्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. १९७१ ला भाऊसाहेब धामणकर खासदार झाले.

त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि १९७७ च्या निवडणुकीत भिवंडी हे नावच यादीतून गेलं. पुढची तीसेक वर्षं आपल्या जिल्ह्याच्या राजकारणात डहाणू आणि ठाणे ही नावं गाजली. डहाणूत लहानू कोम, दामोदर शिंगडा, चिंतामण वनगा, शंकर नम हे खासदार झाले. ठाण्यात रामभाऊ म्हाळगी, पुढे प्रकाश परांजपे.

२००८: नकाशा पुन्हा बदलला

२००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि २००८ ला त्या लागू झाल्या. डहाणू मतदारसंघ संपला, पालघर आणि कल्याण ही नवी नावं आली आणि भिवंडी परत आलं. नाव जुनं असलं तरी सीमा नव्या होत्या. शहापूर आणि मुरबाड त्यात आहेत ते या नव्या आखणीनुसार.

चार निवडणुका, चार निकाल

२००९: पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसचे सुरेश टावरे जिंकले. त्यांना १,८२,७८९ मतं मिळाली, भाजपचे जगन्नाथ पाटील यांना १,४१,४२५. फरक ४१,३६४ मतांचा. मनसेचे देवराज म्हात्रे यांनी १,०७,०९० मतं घेतली. म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची मतं विजयाच्या फरकाच्या अडीच पट होती.

२०१४: देशात मोदी लाट. राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले कपिल पाटील यांनी ४,११,०७० मतं घेतली. काँग्रेसनं कुणबी सेनेचे विश्वनाथ पाटील यांना उभं केलं होतं, त्यांना ३,०१,६२० मतं पडली. फरक १,०९,४५०. मनसेकडून लढलेले सुरेश म्हात्रे तिसरे आले, ९३,६४७ मतं. हे नाव लक्षात ठेवा.

२०१९: कपिल पाटील पुन्हा उभे, समोर पुन्हा सुरेश टावरे. पाटील यांना ५,२३,५८३ आणि टावरे यांना ३,६७,२५४. फरक वाढून १,५६,३२९ झाला. जुलै २०२१ मध्ये कपिल पाटील केंद्रात पंचायत राज खात्याचे राज्यमंत्री झाले.

२०२४: २० मे रोजी मतदान झालं. राष्ट्रवादी शरदचंद्र पवार पक्षाचे सुरेश म्हात्रे, म्हणजे सगळ्यांचे 'बाळ्यामामा', ४,९९,४६४ मतं घेऊन जिंकले. दहा वर्षांपूर्वी तिसरे आलेले तेच म्हात्रे. कपिल पाटील यांना ४,३३,३४३ मतं मिळाली. फरक ६६,१२१. अपक्ष निलेश सांबरे यांनी तब्बल २,३१,४१७ मतं घेतली.

या आकड्यांतून काय दिसतं?

पहिली गोष्ट, तिसरा उमेदवार. २०१४ आणि २०१९ ला तिसऱ्याची मतं विजयाच्या फरकापेक्षा कमी होती, दोन्ही वेळा लढत सरळ झाली. २००९ आणि २०२४ ला तिसऱ्यानं फरकाच्या कितीतरी पट मतं घेतली. २०२४ ला तर सांबरे यांची मतं फरकाच्या साधारण साडेतीन पट आहेत. पण सावध राहा. तिसरा नसता तर ती सगळी मतं अमुक एकालाच पडली असती, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे, हिशेब नाही. मतदार कुणाच्या बापाची जहागीर नसतो.

दुसरी गोष्ट, लोकसभेचा कौल विधानसभेला टिकतोच असं नाही. मे २०२४ च्या मतदानातून इथं महाविकास आघाडीचा खासदार झाला. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, सहापैकी पाच आमदार महायुतीचे आले आणि भिवंडी पूर्व समाजवादी पक्षाकडे राहिलं. आपल्या शहापुरात दौलत दरोडा आणि पांडुरंग बरोरा यांची लढत तर दोन हजारांच्या आतल्या फरकानं सुटली. एखाद-दुसऱ्या मोठ्या गावानं मन बदललं असतं तर निकाल फिरला असता.

तिसरी गोष्ट, पक्ष बदलतात, माणसं तीच राहतात. वर दिलेली नावं पुन्हा वाचा. एकच माणूस कधी या चिन्हावर, कधी त्या चिन्हावर दिसतो. म्हणून चिन्हासोबत उमेदवाराचं कामही तपासायला हवं.

मग गावाच्या पदरात काय?

खरा प्रश्न हाच. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा. मुंबईची तहान भागवणारी ही धरणं आपल्या शहापूरच्या पट्ट्यात. पण उन्हाळा लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो आणि बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या राहतात. भावली धरणाच्या पाण्याचं बोलणं किती वर्षं ऐकतोय. मुरबाडला रेल्वे येणार, हे तर आजोबांनी नातवाला सांगितलेलं आश्वासन. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला. तो आपल्याच तालुक्यातून जातो, पण गाडी सुसाट जाते म्हणून गावात रोजगार येतोच असं नाही.

इथं एक ध्यानात ठेवा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, केंद्राच्या पाणी योजनांचा निधी हे खासदारानं दिल्लीत मांडायचे विषय. तालुक्यातले राज्याचे रस्ते, धरणाच्या पाण्याचं वाटप, सरकारी दवाखाना हे आमदारानं विधानसभेत मांडायचे. गटार आणि गावातला दिवा ग्रामपंचायतीचा. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधीही असतो. त्यातून आपल्या गावाला काय मिळालं, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

शहरी मतदार संख्येनं जास्त, म्हणून आपलं कोण ऐकतं, असं गावात नेहमी ऐकू येतं. पण २००९ ला या मतदारसंघात चाळीस टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं. २०२४ ला ते साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. अजूनही दहातले चार जण घरी बसतात. आजवरचा सगळ्यात मोठा विजय दीड लाखाचा, तर न झालेलं मतदान कित्येक लाखांचं आहे.

तेव्हा पुढची निवडणूक लांब आहे म्हणून थांबू नका. यादीत नाव आहे का, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढलंय का, अठरा पूर्ण झालेल्या पोराचा अर्ज भरलाय का, हे मोबाईलवर किंवा गावच्या बीएलओकडे आजच बघून घ्या. आणि पुढच्या वेळी लोकलमध्ये कोणी विचारलं, तुमचा खासदार कुठला, तर बिनधास्त सांगा: भिवंडीचा. आणि तो आपल्या पाण्याचं काय करतोय, हेही विचारा.