मैदान आपले, मग मत का नको?

यवतमाळ, पुसद, वणीकडे कबड्डीचे सामने भरतात तेव्हा गर्दी कष्टकरी वस्त्यांची असते. पण कारभार ठरताना प्रेक्षकाला कोण विचारतो?

१९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाने अस्पृश्य म्हणून बाळू पालवणकरांना डावलले. विठ्ठल व शिवराम हे त्यांचे भाऊ संघाबाहेर पडले. जनमत तापले, बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. एकजुटीपुढे समिती नमली.

जर्मनीत बहुतेक व्यावसायिक फुटबॉल क्लबांत बहुमत सभासदांच्या हाती असते. आपल्याकडे सात जणांना १८६० च्या कायद्याने संस्था नोंदविता येते. आम्ही म्हणतो, बंधू-भगिनींनो, तालुक्यागणिक प्रेक्षक मंडळ काढा. हिशेब मागा, समितीत जागा मागा. ‘संघटित व्हा’ हा बाबासाहेबांचा आदेश मैदानालाही लागू आहे.