शेवटचा तुकडा

मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे सर्वांत अवघड काम ऑपरेशन थिएटरबाहेर होते. गाठ काढायची की तशीच राहू द्यायची, काढायची तर किती काढायची आणि कुठे थांबायचे, हे सारे स्कॅन समोर ठेवून आधी ठरवावे लागते. शस्त्रक्रिया कशी करावी हे शिकायला काही महिने लागतात, कधी करावी हे शिकायला काही वर्षे आणि कधी करू नये हे शिकायला सगळी कारकीर्द, असे शल्यचिकित्सक आपापसांत म्हणतात. पण या तिसऱ्या शिक्षणाची किंमत कोण मोजते, याबद्दल ते क्वचितच उघडपणे बोलतात. ब्रिटिश न्यूरोसर्जन हेन्री मार्श बोलले. त्यांचे ‘डू नो हार्म’ २०१४ साली आले, ‘अ‍ॅडमिशन्स’ २०१७ साली आणि ‘अँड फायनली’ २०२२ साली. तिन्ही पुस्तकांत यशाच्या कथा आहेत, पण वाचकाच्या मनात राहतात ती त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतलेली अपयशे.

मेंदूचे वजन साधारण १.३ ते १.४ किलो असते. शरीराच्या वजनाच्या तो जेमतेम २ टक्के, पण श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो. रक्तपुरवठा काही मिनिटे तुटला तरी पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत. आतड्यातली गाठ काढताना तिच्या भोवतीचा चांगला भागही सुरक्षिततेसाठी कापून टाकता येतो. मेंदूत ही मुभा नसते. गाठीला लागूनच हात हलवणारा, शब्द जुळवणारा किंवा नुसते जागे राहायला लागणारा भाग असू शकतो. म्हणून एक-दोन मिलिमीटरच्या चुकीने माणूस आयुष्यभरासाठी अपंग होतो, आणि चूक झाल्याचे अनेकदा त्याला भुलीतून बाहेर काढेपर्यंत कळतही नाही.

मार्श यांचा जन्म १९५० चा. ऑक्सफर्डला त्यांनी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले होते. मध्येच शिक्षण सोडून ते उत्तर इंग्लंडमधल्या एका खाणकामगारांच्या गावी गेले आणि तिथल्या रुग्णालयात रुग्णांच्या गाड्या ढकलण्याचे काम करू लागले. शल्यचिकित्सकांना हाताने काम करताना त्यांनी तिथे पाहिले. पदवी पूर्ण केल्यावर ते लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. पुढे कनिष्ठ डॉक्टर असताना मेंदूच्या धमनीवरच्या फुग्याची एक शस्त्रक्रिया त्यांनी पाहिली आणि हेच काम करायचे असे ठरवले. १९८७ मध्ये ते लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात वरिष्ठ शल्यचिकित्सक झाले. विम्बल्डनमधल्या याच रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी जगातल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला होता.

त्यांना या वाटेला आणणारी ती शस्त्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. तिथे धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होऊन फुगते. हा फुगा फुटला की डोक्यात असह्य कळ येते, मेंदूभोवती रक्त पसरते आणि काही रुग्ण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात. शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढून, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे कप्पे हळूहळू अलग करत त्या फुग्यापर्यंत जायचे आणि त्याच्या मानेवर टायटॅनियमची स्प्रिंगची क्लिप बसवायची. क्लिप नीट बसली की धोका संपतो. पण ती बसवतानाच फुगा फुटला, तर सारे क्षेत्र रक्ताने भरते आणि डॉक्टरला दिसेनासे होते. मार्श यांनी या क्षणाची भीती आणि ओढ दोन्ही लपवलेल्या नाहीत. शिकारीचा थरार त्यात आहे, असे ते मान्य करतात. रुग्णाच्या जिवावर डॉक्टरला थरार वाटावा, ही कबुली वाचताना अस्वस्थ वाटते. पण ती दिली नसती, तर पुढे काय आणि का घडले हे कळले नसते.

न फुटलेल्या फुग्याचे काय करायचे, हा खरा पेच. १९९८ साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी कधीच रक्तस्राव झालेला नाही, अशा माणसांत १० मिलिमीटरहून लहान फुगा फुटण्याची शक्यता वर्षाला ०.०५ टक्के, म्हणजे दहा हजारांत पाच जण, असे त्यात आढळले. शस्त्रक्रियेत अपंगत्वाचा किंवा मृत्यूचा धोका मात्र काही टक्क्यांचा. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे बदलले, पेच तोच राहिला. तिशीतल्या माणसापुढे आयुष्याची पन्नास वर्षे असतात, आणि डोक्यात फुगा आहे हे एकदा कळले की ते विसरता येत नाही. ०.०५ टक्के हा आकडा हजारो लोकांच्या समूहाबद्दल खरा आहे. समोर बसलेल्या एका माणसाचा फुगा एक तर फुटतो, नाही तर फुटत नाही. मार्श हा हिशोब रुग्णापुढे मांडतात आणि घाबरलेला रुग्ण शेवटी डॉक्टरच्या आकड्यापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतो, हेही सांगतात. २००२ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की, फुटलेल्या फुग्यासाठी मांडीच्या धमनीतून नळी नेऊन आत धातूची बारीक तार भरली, तर निवडक रुग्णांत वर्षाअखेरीचा निकाल क्लिपपेक्षा चांगला असतो. ज्या शस्त्रक्रियेसाठी मार्श या शाखेत आले, तिचा मोठा हिस्सा त्यामुळे क्ष-किरणतज्ज्ञांकडे गेला. रुग्णांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले.

आता १५ तासांच्या एका शस्त्रक्रियेबद्दल. मार्श यांना वरिष्ठ पद मिळून थोडीच वर्षे झाली होती. रुग्ण शिक्षक होता. त्याच्या कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाला चिकटून मोठी गाठ वाढली होती. जागृती, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा भाग तो हाच, आणि त्याला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी त्या गाठीला लागूनच होती. शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. मध्यरात्रीपर्यंत, १५ तासांनी, गाठीचा बहुतेक भाग निघाला होता आणि कुठेही इजा झालेली नव्हती. इथे थांबायला हवे होते. गाठ संथ वाढणारी होती. उरलेला तुकडा पुढे अनेक वर्षे तसाच राहू शकला असता. पण गाठ पूर्ण काढली, असे सांगता यावे हा मोह होता. शेवटचा तुकडा सोडवताना धमनीची जाड टाचणीएवढी एक शाखा फाटली. रक्त थोड्याच वेळात थांबवता आले, पण मेंदूच्या देठाचे नुकसान होऊन गेले होते. तो शिक्षक पुन्हा शुद्धीवर आला नाही.

सात वर्षांनंतर मार्श एका शुश्रूषागृहात दुसऱ्या रुग्णांना पाहायला गेले, तेव्हा तो माणूस तिथे एका खाटेवर अंग आखडून पडलेला होता.

या घटनेत हात कमी पडला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. १५ तास ज्या हातांनी एकही धमनी दुखावली नाही, तेच हात सोळाव्या तासालाही होते. चुकला तो थांबण्याचा निर्णय. गाठ पूर्ण काढली हे समाधान रुग्णाच्या उपयोगाचे नव्हते, ते डॉक्टरच्या उपयोगाचे होते. मार्श यांनी हे स्वतःच लिहिले आहे आणि त्या प्रकरणाला गर्वाचे नाव दिले आहे. शल्यचिकित्सेवरच्या लिखाणात इतकी नेमकी कबुली दुर्मीळ आहे.

पुढे अमेरिकेतल्या एका न्यूरोसर्जरी विभागाने त्यांना व्याख्यानाला बोलावले. विषय त्यांनी निवडला: आपल्या सर्वांत मोठ्या चुका. तयारीसाठी ते कित्येक महिने पहाटे अंथरुणात पडून जुने रुग्ण आठवत राहिले. जितके आठवत गेले, तितके विसरलेले वर येत गेले. यशस्वी रुग्ण भेटायला येतात, पत्रे लिहितात. बिघडलेले येत नाहीत, आणि मनही त्यांना बाजूला सारते. व्याख्यान संपल्यावर सभागृहात शांतता होती. कोणीही प्रश्न विचारला नाही. समोर बसलेल्यांकडेही अशीच यादी असणार, पण ती उघडायला कोणी तयार नव्हते.

नवशिक्यांचे प्रशिक्षण हाही याच हिशोबाचा भाग आहे. वरिष्ठाने सगळे स्वतःच केले, तर पुढची पिढी तयार होत नाही. शिकणाऱ्याच्या हातात दिले, तर आजच्या रुग्णाचा धोका वाढतो. कण्याच्या एका नेहमीच्या शस्त्रक्रियेत मार्श यांनी प्रशिक्षणार्थी डॉक्टरला सुरुवात करू दिली. ते आत येईपर्यंत त्याने चुकीच्या जागी जाऊन मज्जातंतूचे मूळ तोडले होते. रुग्णाचे पाऊल लुळे पडले. जबाबदारी आपली, असे मार्श म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

गाठ काढताना कुठे थांबायचे याचे उत्तर काही रुग्णांत रुग्णच देऊ शकतो. हळू वाढणाऱ्या काही गाठी सूक्ष्मदर्शकाखालीही निरोगी मेंदूपासून वेगळ्या दिसत नाहीत. त्यांची कड डोळ्याला सापडत नाही. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. दुखते ती त्वचा आणि मेंदूवरचे आवरण. म्हणून स्थानिक भूल देऊन रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्यावर जागे ठेवता येते. कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीने मेंदूचे नकाशे काढले. ब्रिटनमध्ये अशा गाठींसाठी ती रुळवणाऱ्यांत मार्श होते.

डोके चौकटीत पक्के बसवतात, कवटी उघडतात, मग रुग्णाला जागे करतात. सहायक त्याच्याशी बोलू लागतो: हे चित्र कशाचे, आकडे म्हणा, मूठ आवळा, पाय हलवा. डॉक्टर मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विजेची सळई टेकवतो. एखाद्या जागी टेकवली की रुग्णाचा हात आपोआप हलतो, किंवा चित्रातल्या वस्तूचे नाव त्याला अचानक सुचेनासे होते. ती जागा सोडायची. मग शोषणनळीने गाठ थोडी थोडी ओढून घेताना बोलणे चालूच राहते. शब्द अडखळला किंवा पाय जड झाला, की हात थांबवायचा. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य पडद्यावर असते आणि रुग्णाची इच्छा असल्यास त्याला स्वतःचा मेंदू पाहता येतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा तिथे एकच असतो. मार्श या गोष्टीकडे पुनःपुन्हा वळतात, आणि चाळीस वर्षे मेंदू हाताळूनही विचार आणि आठवणी त्या मऊ पांढुरक्या पदार्थातून कशा उपजतात हे आपल्याला उमगले नाही, असे सांगतात. इथे शेवटच्या तुकड्याचा निर्णय डॉक्टरच्या मोहावर राहत नाही. रुग्णाचे अडखळणे तो निर्णय घेते.

१९९२ पासून मार्श युक्रेनमध्ये कीव्हला जात राहिले. तिथे इगोर कुरिलेट्स या शल्यचिकित्सकाबरोबर त्यांनी तुटपुंज्या साधनांत काम केले. या कामावर २००७ साली ‘द इंग्लिश सर्जन’ हा माहितीपट आला. त्यात मार्श एका मुलीच्या घरी जातात. तिची मोठी गाठ काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला होता, तो फसला आणि ती वाचली नाही. नाही म्हणता आले नाही म्हणून ही शस्त्रक्रिया केली, असे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट होते. निवृत्तीनंतर ते काठमांडूला उपेंद्र देवकोटा यांच्या रुग्णालयात गेले. तिथे आशा नसलेल्या रुग्णांवरही नातेवाइकांच्या आग्रहाखातर शस्त्रक्रिया आणि व्हेंटिलेटर चालू राहतात, याचा त्यांना त्रास झाला.

महाराष्ट्रात हे चित्र ओळखीचे आहे. निदान बाहेर नातेवाइकांना सांगितले जाते, ‘पेशंटला काही सांगू नका’ अशी डॉक्टरांना विनंती होते, आणि ज्याचा मेंदू आहे त्याचे मत शेवटी विचारले जाते किंवा विचारलेच जात नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नाते सांगणारे अमेरिकन शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी २००२ सालच्या ‘कॉम्प्लिकेशन्स’मध्ये डॉक्टरांच्या चुकांवर आणि २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’मध्ये आयुष्याच्या शेवटी करायच्या अशाच संभाषणावर लिहिले आहे. मराठी घरांत ते संभाषण अजून सुरू व्हायचे आहे.

मार्श २०१५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतून निवृत्त झाले. सत्तरीत एका संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या मेंदूचा स्कॅन करून घेतला आणि वयाने आक्रसलेला मेंदू पाहून हादरले. पाठोपाठ, २०२१ मध्ये, पुढच्या टप्प्याचा प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. लक्षणे बराच काळ होती. डॉक्टर असूनही त्यांनी ती टाळली होती. खाटेवरून पाहिल्यावर त्यांना उमगले, की रुग्णाची चिंता आपण पूर्वी फार थोडी ओळखली होती, आणि डॉक्टरचे एखादे ओझरते वाक्य रुग्ण दिवसेंदिवस घोळवत राहतो.

मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचकाने चार प्रश्न विचारावेत. काहीच केले नाही तर काय होईल? हीच शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती वेळा केली आहे, आणि त्यातले किती रुग्ण बिघडले? गाठ पूर्ण निघत नसेल तर तुम्ही कुठे थांबाल? तुमच्या घरच्या माणसाला हा आजार असता तर तुम्ही काय केले असते? आणि शक्य असेल तर हे प्रश्न रुग्णाला स्वतः विचारू द्यावेत.