हवं तसं मूल, आणि सरकारची नजर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सरकारी नियम हा कायमचा वादाचा विषय. 2016 मध्ये राज्याने पर्ससीन, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याने होणाऱ्या, मासेमारीवर निर्बंध घातले. पारंपरिक मच्छीमारांची ती मागणीच होती, पर्ससीनवाल्यांना मात्र ते जाचक वाटले. तेव्हापासून खरं भांडण आहे ते नियम पाळला जातो का, याचं. माणसाच्या जनुकांत फेरफार करण्याचं तंत्र हाती आल्यावर तोच प्रश्न आता दवाखान्यांच्या दारात येतो आहे.

अमेरिकेतल्या प्यू या संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये 20 ठिकाणच्या लोकांना याविषयी विचारलं. गंभीर आजार टळावा म्हणून बाळाची जनुकं बदलायला बहुतेक ठिकाणी होकार मिळाला. बाळ अधिक हुशार व्हावं म्हणून बदलायला मात्र नकार. भारत वेगळा निघाला. इथे निम्म्याहून जास्त लोकांना तेही चालणार होतं.

‘हवं तसं मूल’ या हौसेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. आत्ता पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे पन्नास हजार वाचवा, अशा गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती 1980च्या दशकात मुंबईत उघड झळकत. कार्यकर्त्यांनी रान उठवलं आणि 1988 मध्ये राज्याने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 मधल्या 946 वरून 2011 पर्यंत 894 वर आली. बीडमध्ये तर 807 वर. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्थांना आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

आज या कायद्यामुळे सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी असते, प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ’ फॉर्म भरला जातो.

जनुकांबाबत असा प्रयोग झालाही आहे. चीनमध्ये 2018 साली शास्त्रज्ञ हे ज्यानकुई यांनी जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. पुढे त्यांना तुरुंगवास झाला. भारतात गर्भाची जनुकं बदलून मूल जन्माला घालायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मनाई आहे.

रुग्णाच्याच रक्तपेशी दुरुस्त करणारे उपचार निराळे. तो बदल पुढच्या पिढीत जात नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर असा उपचार ब्रिटनने 2023 मध्ये मंजूर केला, अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी सिकलसेल रुग्णाला यातलं काय परवडेल, याचा विचार सरकारलाच करावा लागेल. गर्भाबाबतची मनाई मात्र आजही मार्गदर्शक सूचनांतच आहे; ‘एफ’ फॉर्ममागे असतो तसा संसदेचा स्वतंत्र कायदा तिच्यामागे नाही.