नवे विंडोज, जुनी चावी



बियाण्याची पिशवी खालच्या बाजूने फोडा, वरचे लेबल फाडू नका, पिशवी, पावती आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा, हे मी गावोगावच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तोच सल्ला एक दिवस संगणकाच्या कामी येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

हकिगत अशी. आमच्या भागातील एका दूध उत्पादकाच्या घरी लॅपटॉप आहे. घरची सून त्यावर महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. कोणी किती बचत भरली, कोणाच्या कर्जाचा कितवा हप्ता आला, सगळे त्यातच. विंडोज दहाला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, तेव्हा त्यांनी लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेला आणि विंडोज अकरा बसवून आणले. दीड-दोन महिने ठीक गेले. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरे उमटली, 'ॲक्टिव्हेट विंडोज'. दुकानदार म्हणाला, "चावी संपली. साडेतीन हजार द्या, नवी टाकतो. नाहीतर मशीन बंद पडेल." इकडे गटाच्या हिशेबाची बँकेकडून तपासणी आठ दिवसांवर आलेली. सुनेच्या तोंडचे पाणी पळाले. पन्नास बायांचा पैसा, आणि वही त्या यंत्रात!

त्यांनी मला विचारले. आणि खरे सांगतो, मीही पहिल्यांदा चुकलोच. "द्या पैसे आणि व्हा मोकळे," असे म्हणून गेलो. पण घरच्या आजोबांना माझाच सल्ला पाठ. पत्र्याच्या पेटीत बियाण्याच्या पावत्यांखाली लॅपटॉपची पावतीही त्यांनी जपलेली. त्यावर स्पष्ट छापले होते, 'विंडोज १० होम सिंगल लँग्वेज'. लॅपटॉपवर पाहिले, तर तिथे 'विंडोज ११ प्रो'. रोग तिथेच सापडला. तो कसा, ते सांगण्यासाठीच हा लेख.

चावी म्हणजे काय?

विंडोज हा संगणक चालवणारा मूळ कार्यक्रम. तो वापरण्याचा परवाना आपण संगणकाच्या किमतीत किंवा वेगळा विकत घेतो. त्या परवान्याचा क्रमांक म्हणजे 'प्रॉडक्ट की', आपल्या भाषेत चावी. ती २५ अक्षरे-अंकांची असते, पाच-पाचच्या पाच गटांत. ती खरी आहे आणि ठरल्यापेक्षा जास्त यंत्रांवर चालत नाही, हे मायक्रोसॉफ्ट कंपनी इंटरनेटवरून तपासते. या तपासणीला 'ॲक्टिव्हेशन' म्हणतात.

जुन्या, म्हणजे विंडोज सातच्या काळातील लॅपटॉपच्या पोटाला चावीचे लेबल चिकटवलेले असे. विंडोज आठपासून कंपन्यांनी चावी यंत्राच्या मुख्य पट्टीवर, मदरबोर्डवर, कारखान्यातच कोरून द्यायला सुरुवात केली. म्हणून अलीकडच्या लॅपटॉपला लेबल दिसत नाही. लेबल नाही म्हणजे चावी नाही, असे समजू नका.

चावीचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. यंत्राबरोबर आलेली चावी ही शेतातल्या विहिरीसारखी. ती त्या जमिनीचीच, उचलून दुसऱ्या गटात नेता येत नाही. वेगळी विकत घेतलेली चावी ही फवारणीच्या पंपासारखी. एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येते, पण एका वेळी एकाच ठिकाणी चालते.

दहावरून अकरावर जाताना चावी लागते का?

बहुतेक घरांत लागत नाही. दुकानदार कितीही सांगोत, हे पक्के लक्षात ठेवा. विंडोज दहा रीतसर चालू असेल आणि यंत्र अकराच्या अटींत बसत असेल, तर त्याच जातीच्या विंडोज अकरावर मोफत जाता येते. जुना परवाना आपोआप पुढे चालतो. बसवताना पडद्यावर चावी मागितलीच, तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' ही ओळ निवडावी आणि पुढे जावे. इंटरनेट जोडले की यंत्र स्वतःच आपली ओळख पटवते.

अटी अशा : मायक्रोसॉफ्टच्या यादीतील ६४-बिट प्रोसेसर (इंटेलचा असल्यास सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा), किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-सोय. यंत्र या अटींत बसत नसेल, तर नवी चावी घेऊनही ते बसणार नाही. भारी काळ्या जमिनीचे वाण मुरमाड रानात पेरून काय उपयोग? अशा विंडोज दहावाल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय जाहीर केली होती. तिची नोंदणी यंत्राच्या 'विंडोज अपडेट' पानावरूनच करायची असते.

विंडोज सात किंवा आठचे लेबल जपलेल्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. २०१५ साली या चाव्यांवर विंडोज दहा मोफत देण्याची योजना निघाली. ती २९ जुलै २०१६ रोजी संपली, तरी जुन्या चाव्या पुढे कित्येक वर्षे चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाटही बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हा जुने लेबल दाखवून "यावर अकरा टाकून देतो" असे कोणी म्हणाले, तर विश्वास ठेवू नका.

चावी का अडते? पाच कारणे

पीक पिवळे पडले की आपण लगेच औषध मारत नाही. आधी पान उलटून पाहतो, मूळ पाहतो. इथेही तसेच करा. 'सेटिंग्ज' उघडा, 'सिस्टिम' आणि मग 'ॲक्टिव्हेशन' पाहा. (विंडोज दहात 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली 'ॲक्टिव्हेशन' असते.) तिथे चुकीचा क्रमांक दिसेल. तो कागदावर उतरवून घ्या. त्याची शेवटची अक्षरे रोगाचे नाव सांगतात.

१. जात वेगळी. क्रमांकाचा शेवट 'एफ २१०' असेल, तर परवाना एका जातीचा आणि बसवलेले विंडोज दुसऱ्या जातीचे आहे. होम, होम सिंगल लँग्वेज आणि प्रो या वेगवेगळ्या जाती आहेत. होमच्या चावीने प्रो उघडत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असते, आणि दुकानदार हाताशी असलेल्या पेनड्राइव्हवरून सरसकट प्रो बसवतात. आमच्या बचत गटाच्या लॅपटॉपचे दुखणे हेच.

२. लिहिण्यातली चूक. शेवट 'एफ ०५०' असेल, तर टाकलेली चावी चुकीची आहे. विंडोजच्या चावीत शून्य व एक हे अंक आणि ओ व आय ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत, म्हणजे घोटाळा दुसरीकडे आहे. बी आणि आठ, जी आणि सहा, क्यू आणि डी हे पुसट लेबलावर सारखे दिसतात. उजेडात, भिंगाखाली पुन्हा वाचा. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला तरी चालेल.

३. यंत्राचा भाग बदलला. शेवट 'एफ २११' असेल, तर यंत्रात मोठा बदल झाला आहे. मेमरी किंवा डिस्क बदलल्याने सहसा काही बिघडत नाही. पण विजेच्या झटक्याने मदरबोर्ड जळाला आणि नवा टाकला, तर विंडोजच्या लेखी ते यंत्रच नवे. परवाना आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर 'ॲक्टिव्हेशन'च्या पानावर 'ट्रबलशूट' दाबून, अलीकडे हार्डवेअर बदलल्याची ओळ निवडून, तो पुन्हा मिळण्याची वाट आहे. पण यंत्राबरोबर आलेली चावी असेल, तर तिची खात्री नाही. वॉरंटीत बोर्ड बदलून देणाऱ्याकडूनच ॲक्टिव्हेशन करून घ्या, त्याशिवाय यंत्र ताब्यात घेऊ नका.

४. चावी दुसरीकडे वापरलेली. शेवट 'सी ००८' असेल, तर ती चावी आधीच दुसऱ्या यंत्रावर किंवा परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली आहे. स्वस्तात घेतलेल्या चाव्यांत हे फार आढळते. विकणाऱ्याकडे पावती घेऊन जा.

५. तारीख चुकलेली. हे कारण साधे, म्हणून कोणी पाहत नाही. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालते ते आत बसवलेल्या नाण्याएवढ्या सेलवर. जुन्या संगणकातील सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग मायक्रोसॉफ्टशी सुरक्षित संपर्कच होत नाही आणि दोष चावीला लागतो. आधी तारीख-वेळ दुरुस्त करा. पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर सेल बदला. टेबलावरच्या संगणकात बहुधा 'सीआर २०३२' हा सेल असतो. थोडक्या पैशांत काम होते.

खोट्या चावीची परीक्षा

लॅपटॉप दुकानातून आणल्यावर घरीच एक परीक्षा घ्या. कळफलकावरची विंडोजची कळ दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिथे इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे टाका, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ टाका आणि तिला लागून एक्स-पी-आर लिहून एंटर दाबा. 'परमनंटली ॲक्टिव्हेटेड' असे आले, तर परवाना कायमचा आहे. मुदतीची तारीख आली, तर बहुधा एखाद्या संस्थेसाठीची चावी किंवा तिची नक्कल तुमच्या माथी मारली आहे. अशा पद्धतीचे ॲक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांचे असते आणि संस्थेच्या यंत्रणेशी संपर्क राहिला तरच पुढे वाढते. घरच्या यंत्राला तो संपर्क कुठला?

याहून वाईट म्हणजे फुकट 'ॲक्टिव्हेटर'. तो बसवताना विषाणू-प्रतिबंधक बंद करायला सांगतात. राखणीचे कुत्रे बांधून ठेवा आणि मग आम्हाला वाड्यात घ्या, असाच हा प्रकार. त्या यंत्रावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, हे विसरू नका. मायक्रोसॉफ्टकडून बोलतो, चावी संपली, पैसे भरा, असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

मशीन बंद पडत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. चावी अडली म्हणून तुमच्या फायली जात नाहीत, हिशेब पुसला जात नाही. कोपऱ्यात सूचना राहते, पडद्याचे चित्र-रंग बदलता येत नाहीत, एवढेच. घाबरून त्याच दिवशी पैसे मोजण्याचे कारण नाही. परवाना रीतसर करून घ्यायचा आहेच, पण तो शांतपणे.

आम्ही काय केले? पहिल्या संध्याकाळी गटाचा सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवला, आणि गटाच्या अध्यक्षांच्या घरी दुसरी प्रत ठेवली. दुसरा रिकामा, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज अकरा उतरवले. हे दोन पेनड्राइव्ह वेगळेच हवेत, कारण विंडोज उतरवताना त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. उतरवायला पाच जीबीहून अधिक डेटा लागतो, तोही हिशेबात धरा. मग प्रो पुसून होम सिंगल लँग्वेज नव्याने बसवले. प्रोवरून होमवर उतरायला दुसरा मार्ग नाही. यात बसवलेले कार्यक्रम जातात, म्हणून तर आधी प्रती काढायच्या. बसवताना चावी कोणी मागितलीच नाही. मोबाइलचे इंटरनेट जोडले, थोड्या वेळाने 'ॲक्टिव्हेशन'चे पान उघडले, तर परवाना चालू! चावी पहिल्यापासून यंत्रातच होती. तपासणी झाली, गटाचा हिशेब रुपया-पैशासह जुळला, आणि साडेतीन हजार घरातच राहिले.

एक सावधगिरी मात्र सांगतो. काही लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असते आणि मोठा बदल केला की ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते. ती वेगळी चावी आहे, २५ अक्षरांची नव्हे. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कामाला हात घालण्यापूर्वी ती वहीत उतरवून घ्या. ती हरवली तर मात्र फायली खरोखरच उघडत नाहीत.

दुकानात नेण्यापूर्वी

• फायलींच्या दोन प्रती काढा, एक घराबाहेर ठेवा.
• विंडोजची जात पावतीवर पाहा, वहीत लिहा. "हीच जात बसवा," असे दुकानदाराला सांगा.
• परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा. खात्याचे नाव व पासवर्ड घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.
• काम झाल्यावर परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पक्की पावती घ्या.

ही पावती सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवा. आजोबांच्या त्या पत्र्याच्या पेटीत आता एक नवी वही आली आहे. तिच्या पहिल्या पानावर सुनेने लॅपटॉपची जात, खात्याचे नाव आणि ती ४८ अंकी चावी लिहून ठेवली आहे. तुमच्याही घरात लॅपटॉप असेल, तर आज दिवेलागणीनंतर अर्धा तास काढा आणि ते पान लिहून टाका.